कला-इतिहासकार आणि क्युरेटर कसं व्हावं: बघण्याच्या सवयीपासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत

उद्घाटनाच्या संध्याकाळी क्युरेटर पाहुण्यांना दालन फिरवून दाखवत असतो, फोटो निघत असतात. त्याआधीची वर्ष-दोन वर्षं मात्र पत्रव्यवहारात, तळघरातल्या कपाटांत, विम्याच्या आकड्यांत आणि साठ शब्दांच्या लेबलांचे खर्डे पुन्हा पुन्हा लिहिण्यात गेलेली असतात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी आधी ही वर्षं डोळ्यांसमोर आणावीत. नोकरीचा मोठा भाग तिथेच जाणार आहे.

कला-इतिहासकार आणि क्युरेटर ही कामं वेगळी, पण अनेकदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. कलाकृती कुणी, कधी, कुणासाठी आणि कशाने केली, तिच्याकडे त्या काळी कसं पाहिलं जात होतं, हे इतिहासकार शोधतो आणि लिहितो. क्युरेटर संग्रह सांभाळतो, वाढवतो आणि त्यातून किंवा बाहेरून आणलेल्या वस्तूंमधून प्रदर्शन उभं करतो. त्याचं म्हणणं लोक दालनात चालत चालत वाचतात. दोघांकडे मागणी एकच असते: प्रत्येक वस्तूबद्दल कारण द्या. हे चित्र याच दशकातलं का? याच हातचं का? या भिंतीवर हेच का, आणि त्याच्या शेजारी ते दुसरं का? ‘मला आवडलं’ एवढ्यावर सुरुवात करता येते, पण त्यावर पगार मिळत नाही. खाली जो क्रम दिला आहे, तो ही कारणं द्यायला शिकण्याचा क्रम आहे.

आधी बघायला शिका

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहणाऱ्यांच्या वेळेचा एक अभ्यास झाला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. तुम्हाला याच्या उलट जायचं आहे. एक कलाकृती निवडा आणि तिच्यासमोर एक तास बसा. पहिली दहा मिनिटं बरी जातात, मग कंटाळा येतो, आणि कंटाळ्याच्या पलीकडे खरं बघणं सुरू होतं: उजेड कुठून येतोय, कुठला हात विचित्र वळलाय, कुठला रंग एकदाच वापरलाय, कुठे रंगाचा थर खरवडून पुन्हा लावलाय.

बघितलेलं लिहून काढा, आणि पहिल्या खर्ड्यात एकही कौतुकाचं विशेषण नको. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘गूढ’ हे शब्द वगळले की माणसाला नाइलाजाने तपशिलात उतरावं लागतं. शक्य असेल तर पेन्सिलीने रेखाटनही करा. चित्रकला येत नसली तरी हरकत नाही. हात फिरवताना डोळ्याने गाळलेल्या गोष्टी सापडतात. मापं लिहिताना आधी उंची, मग रुंदी, मग खोली हा क्रम आत्तापासूनच अंगवळणी पाडा. बहुतेक संग्रहालयांच्या नोंदी अशाच असतात आणि उलट लिहिलेल्या मापांवरून चुकीच्या आकाराची पेटी बनू शकते.

यानंतर तुलना. दोन प्रतिमा शेजारी शेजारी पडद्यावर टाकून शिकवायची पद्धत स्विस कला-इतिहासकार हाइनरिश वोल्फलिन यांनी रूढ केली आणि ती आजही वर्गावर्गांत चालू आहे, कारण फरक दिसायला शेजारी लागतो. एकच विषय, दोन चित्रकार. एकच चित्रकार, दोन दशकं. मूळ आणि नक्कल. वैद्यकाचं शिक्षण घेतलेले जिओव्हान्नी मोरेल्ली एकोणिसाव्या शतकात आणखी बारीक शिरले. चित्रकार चेहरा मन लावून काढतो, पण कानाची पाळी आणि बोटांची नखं सवयीने काढून टाकतो. म्हणून चित्र कुणाच्या हातचं हे ओळखायचं तर तिथे बघा, असं त्यांचं म्हणणं होतं.

डोळ्यावर किती विसंबायचं याची मर्यादाही याच टप्प्यावर कळायला हवी. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या चित्रांचे मोठे जाणकार मानले जाणारे आब्राहाम ब्रेडियस यांनी १९३७ मध्ये एका ‘नव्याने सापडलेल्या’ व्हर्मीरची तोंडभरून स्तुती केली आणि ते चित्र रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. ते हान व्हान मेगेरेनने केलेलं बनावट चित्र होतं. रंग शतकांपूर्वीइतका कडक व्हावा म्हणून त्याने त्यात कृत्रिम राळ मिसळून चित्र भाजलं होतं. १९४५ मध्ये त्याला अटक झाली ती मात्र दुसऱ्याच आरोपावरून: नाझी नेता गोरिंगकडे व्हर्मीरचं चित्र पोहोचवल्याबद्दल. देशद्रोहाच्या आरोपातून सुटायला त्याला स्वतःची बनवेगिरी कबूल करावी लागली. ब्रेडियस यांचा डोळा अधू नव्हता. त्यांना जे चित्र सापडावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसलं. म्हणून स्वतःच्या खात्रीला आडवा जाणारा एक तरी पुरावा शोधायचाच, ही शिस्त लावून घ्या.

आणखी एक सवय: चित्राची मागची बाजू बघायला मिळाली तर सोडू नका. जुनी लेबलं, लिलावाचे खडूने लिहिलेले आकडे, सीमाशुल्काचे शिक्के, चौकटीचं लाकूड, खिळ्यांच्या जुन्या खुणा. कलाकृतीच्या आयुष्यात काय काय घडतं याचं एक ठळक उदाहरण म्हणजे रेम्ब्रांटचं १६४२ चं ‘नाइट वॉच’. १७१५ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना जागेत मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं गेलं, डावीकडून सर्वांत जास्त. त्याचं रात्रीशी जोडलेलं नावही नंतरचं, वॉर्निश काळवंडल्यावर पडलेलं. त्या चित्राच्या मांडणीवर लिहिणाऱ्याला कापलेल्या पट्ट्या माहीत नसतील, तर तो कात्रीचं श्रेय रेम्ब्रांटला देऊन बसेल.

शिक्षण: पदवी लागते, पण कुठली?

संग्रहालयातल्या क्युरेटर पदांसाठी कला-इतिहासातली पदव्युत्तर पदवी ही आता साधारण किमान अपेक्षा असते आणि मोठ्या संस्थांत पीएच.डी. झालेले उमेदवार रांगेत असतात. पुरातत्त्व, इतिहास, वास्तुकला किंवा चित्रकलेची पदवी घेऊन आलेलेही पुष्कळ आहेत. संग्रहालयशास्त्र किंवा ‘क्युरेटोरियल’ अभ्यासक्रम उपयोगी पडतात, पण माझा कौल असा: दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली तर विषयाची पदवी घ्या. विम्याचा अर्ज कसा भरायचा हे कामावर काही महिन्यांत शिकता येतं, ब्राँझच्या ओतकामाचा इतिहास येत नाही.

अभ्यासक्रम निवडताना एकच प्रश्न विचारा: इथे विद्यार्थ्यांच्या हाती खऱ्या वस्तू येतात का? पॉल सॅक्स यांनी १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये संग्रहालयाचा जो अभ्यासक्रम चालवला, त्यात वस्तू हाताळून त्यावर बोलणं हाच मुख्य धडा होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे त्यांचेच विद्यार्थी.

भाषा हा भाग फार कमी लोक वेळेवर मनावर घेतात. ज्या कलेवर काम करणार तिच्या मूळ साधनांची भाषा आणि लिपी यायलाच हवी. शिवाय या शास्त्राचं जुनं लेखन मोठ्या प्रमाणावर जर्मन, फ्रेंच आणि इटालियनमध्ये आहे. त्यातली एक भाषा शब्दकोश घेऊन वाचण्याइतकी येणं पुरेसं आहे. बोलता आली नाही तरी चालेल. सोबत साहित्य-तंत्राचं ज्ञान हवं: टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) आणि तैलरंग यांत काय फरक, लाकडी ठसा आणि तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीव काम कसं ओळखायचं, भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर आहे की कोरड्या. एकदा तरी स्वतः ठसा काढून पाहा किंवा रंग घोटून पाहा.

खास विषय लवकर निवडा, पण फार अरुंद नको. आलोइस रीगल हे नाव पुढे कलेच्या सिद्धांतासाठी गाजलं, पण व्हिएन्नाच्या संग्रहालयात त्यांच्याकडे कापड आणि गालिच्यांचा विभाग होता आणि अलंकरणाबद्दलचे त्यांचे विचार त्या विणीतूनच घडले. ‘आधुनिक चित्रकला’ निवडणाऱ्यांची गर्दी असते. कापड, नाणी, छायाचित्रं, ठसे, मातीची भांडी यांची कपाटं उघडायला माणसं कमी असतात, आणि नोकरीची जाहिरात नेमकी तिथली निघते.

कागद आणि पुरावे: संशोधनाचं रोजचं काम

कलाकृतीबद्दलचे मुख्य प्रश्न तीन: केव्हाची, कुणाची आणि इथवर कशी आली.

काळ ठरवण्याचं काम किती गुंतागुंतीचं होऊ शकतं ते अजिंठ्यात दिसतं. तिथल्या उत्तरकालीन लेण्यांचं काम लांबलचक काळात रेंगाळत झालं असं पूर्वी मानलं जाई. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर त्या लेण्यांत जाऊन अर्धवट सोडलेले खांब, दारांच्या बिजागरीची बदललेली पद्धत, घाईने रंगवलेल्या भिंती अशा खुणा जुळवल्या आणि हा सगळा व्याप वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जेमतेम दोन दशकांत झाला असं मांडलं. सगळ्यांनी ते जसंच्या तसं स्वीकारलेलं नाही. पण पद्धत शिकण्यासारखी आहे: शैलीबद्दल मोघम बोलण्याऐवजी बिजागरीचं भोक दाखवा.

तिसरा प्रश्न, म्हणजे मालकीचा इतिहास, हल्ली सगळ्यात जड झाला आहे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतलेला, प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसने रंगवलेला मद्यकुंभ इटलीतल्या थडग्यातून चोरून खणलेला होता, आणि २००८ मध्ये तो इटलीला परत गेला. व्हिएन्नाहून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी आलेलं, ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं ‘वॉली’ या स्त्रीचं चित्र जानेवारी १९९८ मध्ये तिथेच कायद्याच्या कचाट्यात अडकलं, कारण ते नाझींनी एका ज्यू कलाविक्रेतीकडून हिसकावलेलं होतं; तडजोड व्हायला २०१० उजाडलं. १९९८ च्याच डिसेंबरात ४४ देशांनी नाझी काळातल्या लुटीबाबत वॉशिंग्टन तत्त्वं मान्य केली. म्हणून युरोपशी संबंध आलेल्या वस्तूच्या इतिहासात १९३३ ते १९४५ ही वर्षं कोरी असतील, किंवा पुरातन वस्तू, अशा वस्तूंची चोरटी ने-आण रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को कराराआधी कुठे होती याचा कागद नसेल, तर थांबायचं.

हे काम करायची पद्धत साधी आणि कंटाळवाणी आहे. प्रत्येक वस्तूची एक फाइल. त्यात मालकांची साखळी जुन्याकडून नव्याकडे, प्रत्येक दुव्यासमोर पुरावा: लिलावाचा छापील कॅटलॉग, विक्रेत्याचं खातं, कौटुंबिक पत्र, जुन्या प्रदर्शनाचा फोटो, चौकटीवरचं लेबल. जिथे दुवा नाही तिथे ‘माहिती नाही’ असं स्पष्ट लिहायचं आणि वर्षं नोंदवायची. रिकामी जागा ‘बहुधा’ने भरून टाकायचा मोह होतो. पुढचा संशोधक तुमचं ‘बहुधा’ गाळून तेच विधान खात्रीचं म्हणून उतरवतो.

संग्रहालयाच्या आत शिरा, मागच्या दाराने

क्युरेटरच्या खुर्चीवर थेट कुणी बसत नाही. इंटर्न, कॅटलॉग करणारा सहायक, संशोधन-सहायक, मग सहायक क्युरेटर अशी वाट असते. निवडायची संधी मिळाली तर मी प्रदर्शन विभागापेक्षा रजिस्ट्रारचं टेबल सुचवेन. आलेली-गेलेली प्रत्येक वस्तू, तिचा करार, विमा, पेटी आणि जागा यांची नोंद तिथे होते. संस्था प्रत्यक्षात कशी चालते हे सहा महिन्यांत कळतं, आणि नोंद क्रमांकाची किंमतही. अनेक ठिकाणी तो तीन भागांचा असतो: १९९८.१२.३ म्हणजे १९९८ साली आलेल्या बाराव्या खेपेतली तिसरी वस्तू. क्रमांक हरवलेली वस्तू संग्रहात असूनही नसल्यासारखी असते.

हाताळणीचे नियम पहिल्याच दिवशी शिका आणि कधीच ढिले करू नका. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायचं. वस्तू उचलण्याआधी ती कुठे ठेवणार ती जागा मोकळी करायची आणि वाटेतली दारं उघडून घ्यायची. भांडं कधी कानाला किंवा काठाला धरून उचलायचं नाही. एक हात तळाखाली. धातू आणि छायाचित्रांसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे. जुन्या कागदाला मात्र स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, मोज्याने पान फाटतं. वस्तूजवळ पेन नाही, फक्त पेन्सिल. आणि माणसांबद्दल एक नियम: संवर्धक (वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती करणारे), मांडणीचे कारागीर, सुरक्षारक्षक यांच्याशी बोला. कुठल्या भिंतीला ओल येते आणि कुठल्या चित्रासमोर मुलं हात लावायला धावतात हे रक्षकाइतकं कुणालाच माहीत नसतं.

लिहा, छापा

या धंद्यात ओळख लिखाणातून होते. सुरुवात प्रदर्शनांच्या परीक्षणांपासून करा; मोठ्या कलाकारावर स्तुतिपर लेख लिहिण्यापेक्षा एका मांडणीत काय जमलं आणि काय नाही हे सांगणारा हजार शब्दांचा लेख जास्त वाचला जातो. मग कॅटलॉगमधली एका वस्तूवरची नोंद, मग शोधनिबंध. ‘रसिकाला अंतर्मुख करणारी कलाकृती’ असं वाक्य हातून उतरलं तर खोडा. ते कुठल्याही वस्तूला चिकटवता येतं, म्हणजे एकाहीबद्दल काही सांगत नाही.

पहिलं प्रदर्शन

पहिलं प्रदर्शन लहान करा. एक खोली, दहा-पंधरा वस्तू, शक्यतो एकाच संग्रहातल्या. वाचनालयाचं दालन, महाविद्यालयाचा संग्रह, एखाद्या कुटुंबाकडची छायाचित्रं, काहीही चालेल.

कल्पना एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य वाद घालता येईल असं हवं. ‘निसर्गचित्रांची परंपरा’ हा विषय झाला. ‘रेल्वे आल्यावर निसर्गचित्रातलं क्षितिज खाली आलं’ हे म्हणणं झालं. ते खरं की खोटं हे वस्तू दाखवून तपासता येतं. खोटं निघालं तर प्रदर्शन बदला, वस्तूंना वाकवू नका.

मग यादी. प्रत्येक वस्तूसमोर एक ओळ: ही नसेल तर काय बिघडेल? उत्तर नसेल तर ती बाहेर. ही चाळणी जीवघेणी असते, कारण आवडती वस्तूच बहुतेक वेळा गळते.

वस्तू ठरल्या की त्यांचं शेजारपण ठरवायचं, आणि क्युरेटरचा खरा आवाज इथेच ऐकू येतो. १९९२ मध्ये कलाकार फ्रेड विल्सन यांनी बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातूनच मांडणी केली. एका कपाटात नक्षीदार चांदीची भांडी, आणि त्यांच्यामध्येच गुलामांच्या पायांतल्या बेड्या. लेबल अगदी कोरडं: ‘धातुकाम, १७९३–१८८०’. दोन्ही वस्तू त्याच संस्थेच्या कपाटांत आधीपासून होत्या, फक्त कधी शेजारी आल्या नव्हत्या. पानभर निवेदनाने जे साधलं नसतं ते एका शेजारपणाने साधलं. उलट धोकाही ध्यानात ठेवा: केवळ दिसायला सारख्या म्हणून दोन दूरच्या संस्कृतींतल्या वस्तू जवळ ठेवल्या तर प्रेक्षक त्यांच्यात नातं गृहीत धरतो, आणि ते नसेल तर तुम्ही न लिहिता खोटं सांगितलेलं असतं.

बाहेरून वस्तू उसन्या आणायच्या असतील तर विनंतीपत्र किमान सहा महिने आधी, दुसऱ्या देशातून आणायची तर वर्षभर आधी पाठवा. पत्रात वस्तूचा नोंद क्रमांक, प्रदर्शनाचं एका परिच्छेदातलं म्हणणं, तारखा, आणि नेमकी तीच वस्तू का हवी हे लिहा. देणारी संस्था तुमच्या जागेचा अहवाल मागेल: तापमान, आर्द्रता, आग विझवायची व्यवस्था, रात्रीचा पहारा. विमा वस्तू मूळ भिंतीवरून उतरल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर लागेपर्यंत अखंड हवा. दुसऱ्या देशातला मालक, वस्तू तुमच्याकडे असताना जप्त होणार नाही अशी कायदेशीर हमीही मागू शकतो. वॉलीच्या चित्रानंतर हा प्रश्न कुणी विसरत नाही. वस्तू आली की पेटी साधारण २४ तास न उघडता दालनातच ठेवायची, म्हणजे आतलं लाकूड आणि कागद तिथल्या हवेशी सावकाश जुळवून घेतात. मग दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर स्थितीअहवाल: प्रत्येक ओरखडा, तडा, सुटलेला रंग फोटोवर खुणा करून नोंदवायचा आणि सह्या घ्यायच्या. हा कागद नसेल तर परतीच्या वेळी जुना ओरखडाही तुमच्या नावावर.

उजेडाबद्दल थोडं हिशेबी व्हा. कागद, जलरंग, कापड, जुनी छायाचित्रं यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त नको; तैलरंगाला साधारण २०० लक्स चालतात. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. ५० लक्स, रोज ८ तास, ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. तेवढाच मारा २०० लक्सला ७५ दिवसांत होतो. म्हणून जलरंग तीन-चार महिने भिंतीवर आणि मग काही वर्षं अंधारात, असा फेरा ठेवतात. ५० लक्स आधी अंधार वाटतो; प्रवेशाची जागा मुद्दाम मंद ठेवली की आत येईपर्यंत डोळे सरावतात. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणि तापमान १६ ते २५ अंश सेल्सिअस हा मोठ्या संग्रहालयांच्या गटाने मान्य केलेला पट्टा आहे. आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. २४ तासांत आर्द्रता दहा टक्क्यांहून अधिक हलू देऊ नका.

काचपेटी बनवताना सुताराला विचारा की कुठला बोर्ड आणि कुठला गोंद. स्वस्त लाकडी बोर्डातून सुटणाऱ्या आम्लवायूंनी शिसं पांढरं पडतं, काही कापड आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७० च्या दशकात अँड्रयू ऑडी यांनी यावर सोपी चाचणी काढली: चांदी, तांबं आणि शिशाचे तुकडे त्या साहित्याबरोबर बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे आणि कुठला तुकडा गंजला ते पाहायचं. चाचणी करणं शक्य नसेल तर निदान ताज्या रंगाच्या पेटीत वस्तू ठेवू नका. रंग काही आठवडे सुकू द्या.

मांडणी संगणकावर करा, पण पुठ्ठ्याचं १:२० चं मॉडेलही बनवा. मीटरभर चित्र पाच सेंटिमीटरचं होतं, टाचणीने हलवता येतं, आणि दारातून आत आल्यावर पहिलं काय दिसतं हे डोळा खाली नेऊन पाहता येतं. चित्रं टांगताना त्यांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरा. हुक कुठे ठोकायचा ते असं काढा: १५० मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढं वजा करा. ९० सेंटिमीटर उंच चित्र, तार १२ सेंटिमीटर खाली, तर हुक १८३ वर. टांगण्याआधी सगळी चित्रं भिंतीला टेकवून एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी दोन तरी जागा बदलाव्याशा वाटतात.

लेबल: मुख्य फलक दीडशे शब्दांच्या आत, विभागाचा शंभर, वस्तूचं लेबल पन्नास ते सत्तर. पहिलं वाक्य समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हवं, म्हणजे वाचणाऱ्याची नजर पुन्हा वस्तूकडे जाते. कलाकाराच्या जन्मगावापेक्षा ‘डावीकडचा हात अपुरा सोडलाय’ हे जास्त कामाचं. खर्डा मोठ्याने वाचा, आणि विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे चूक तुमची. अक्षरं १८ पॉइंटपेक्षा लहान नकोत, आणि लेबल अशा उंचीवर हवं की चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता यावं.

बजेटमध्ये नवखे लोक हमखास विसरतात त्या बाबी: परतीची वाहतूक, फोटो छापण्याची परवानगी, कॅटलॉगचं मुद्रितशोधन, आणि प्रदर्शन उतरवल्यावर भिंती पूर्ववत करणं. एकूण खर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवा; ते लागतातच.

नोकरी की स्वतंत्र काम

१९६९ मध्ये स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान यांनी बर्नच्या कुन्स्टहाले या कलादालनात एक प्रदर्शन केलं. त्यात कलाकारांनी तिथेच येऊन काम केलं, एकाने तर इमारतीसमोरची फरसबंदी फोडली. शहरात गदारोळ झाला, झेमान यांनी त्याच वर्षी पद सोडलं आणि स्वतंत्रपणे काम करू लागले. १९७२ चं जर्मनीतल्या कासेलचं डॉक्युमेंटा हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन त्यांनीच घडवलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातली नोकरी गेल्यावर मार्शिया टकर यांनी १९७७ मध्ये न्यू म्युझियम सुरू केलं. या गोष्टी उत्साहाने सांगितल्या जातात. पण दोघांनी आधी संस्थेत वर्षानुवर्षं काम केलेलं होतं हे सांगायचं राहून जातं. स्वतंत्र क्युरेटरला कपाट नसतं, संवर्धक नसतो, महिन्याचा पगारही नसतो. निदान काही वर्षं संस्थेत काढल्याशिवाय तिकडे वळू नका, असं माझं मत.

स्वतंत्र काम घेतलं तर करारात मानधनाचे टप्पे, प्रवासखर्च, लेखनावरचा हक्क आणि प्रदर्शन रद्द झालं तर काय, हे लिहून घ्या. संशोधनाचा काळही मानधनात धरा; संस्था फक्त मांडणीचे आठवडे मोजू पाहतात. दरम्यान घर चालवायला अध्यापन, संपादन, लिलावगृहांसाठी कॅटलॉग-नोंदी, खासगी संग्रहांची यादी करणं अशी कामं असतात. ती कमी दर्जाची नाहीत, पण तिथे एक रेषा आखून घ्या. ज्या कलाकाराचं प्रदर्शन करता त्याच्या विक्रीतून हिस्सा घेऊ नका, संस्थेसाठी ज्या प्रकारच्या वस्तू गोळा करता त्या स्वतःसाठी विकत घेऊ नका, आणि विक्रेत्याला अस्सलपणाचं पत्र पैसे घेऊन लिहून देऊ नका. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता १९८६ पासून आहे. नोकरीच्या मुलाखतीआधी ती नीट वाचून जा. हितसंबंधांबद्दलचा प्रश्न बहुधा विचारला जातोच.

अर्ज करताना जोडायचं साहित्य प्रदर्शन चालू असतानाच गोळा करा, कारण उतरवल्यावर ते मिळत नाही: रिकाम्या दालनाचे सरळ, मोजून काढलेले फोटो, प्रेक्षक असलेले दोन-तीन, प्रत्येक भिंतीचा आराखडा, लेबलांचा अंतिम मजकूर, आणि किती माणसं आली, किती वेळ थांबली याची रक्षकांच्या वहीतली नोंद. वस्तू परत पोहोचल्यावर दुसरा स्थितीअहवाल पहिल्याशी ताडून त्यावर मालकाची सही घ्या, त्याची प्रत फाइलला लावा, आणि ज्या कपाटातून वस्तू काढली होती तिथल्या नोंदीत ‘परत आली’ ही तारीख स्वतः लिहून या.